नाटककार गोविंद बल्लाळ देवल

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे वर्गावर्गांतून नाटकाची निवड सुरू होते, आणि बहुतेक दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी एक प्रश्न विचारतोच. इंग्रजी पुस्तकातील गोष्ट घेऊन तिचे मराठी नाटक केले तर ती चोरी होईल काय? प्रश्न प्रामाणिक आहे. परीक्षेत शेजाऱ्याच्या कागदावरून उतरवून घेणे हा अपराध होय, असे आम्ही शिक्षक मुलांना पहिल्या इयत्तेपासून बजावीत आलो आहोत. मग दुसऱ्याच्या नाटकावरून आपले नाटक रचणे निर्दोष कसे, अशी शंका त्यांच्या मनात यावी हे स्वाभाविकच आहे. या शंकेचे उत्तर नियम सांगून देण्यापेक्षा एका थोर पुरुषाचे चरित्र सांगून द्यावे, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्यास घेतला आहे. तो पुरुष म्हणजे मराठी रंगभूमीचे एक आधारस्तंभ, कै. गोविंद बल्लाळ देवल.

आपल्या वाचकांपैकी अनेकांस चित्रपटांची आवड आहे. त्यांतील काहींनी जुन्या अमेरिकन चित्रपटांची नावेही ऐकली असतील. १९४० साली हॉलिवूडमध्ये अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाने ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ नावाचा प्रेमाचा व विनोदाचा चित्रपट काढला. एकाच दुकानात काम करणारी दोन माणसे समोरासमोर सदा भांडत असतात, आणि तीच दोघे परस्परांस न ओळखता पत्रांतून एकमेकांवर प्रेम करीत असतात, असे त्याचे कथानक आहे. हे कथानक हंगेरी देशातील मिक्लोश लास्लो या लेखकाच्या नाटकावरून घेतलेले होते. त्याच साली निघालेला ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हा चित्रपटही फिलिप बॅरी यांच्या नाटकावरूनच बनला. दोन्ही चित्रपट आज अभिजात म्हणून गणले जातात, आणि ते दुसऱ्याच्या नाटकावरून घेतले आहेत म्हणून त्यांस कोणी कमी लेखीत नाही. प्रेमिकांचे रुसवे, गैरसमज आणि अखेरचा समेट हे सर्व परक्या रंगभूमीवरून आणून आपल्या लोकांस मनमुराद हसविण्याची ही विद्या महाराष्ट्रात मात्र त्याच्याही पुष्कळ आधी एका शिक्षकाने साध्य केली होती.

गोविंदराव देवल यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ रोजी सांगलीजवळच्या हरिपूर या गावी झाला. कृष्णा व वारणा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे लहानसे गाव आहे. सांगलीचा हा परिसर मराठी नाटकाचे माहेरघरच म्हटला पाहिजे. कारण गोविंदरावांच्या जन्माआधी बारा वर्षे, म्हणजे १८४३ साली, विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा खेळ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला होता. अशा भूमीत वाढलेल्या मुलास नाटकाचे वेड लागले तर नवल नाही. परंतु नुसत्या वेडाने कोणी नाटककार होत नाही. त्याला योग्य वेळी योग्य गुरू भेटावा लागतो, आणि तो गोविंदरावांस बेळगावच्या शाळेत भेटला.

बेळगावास शिकत असता त्यांना जे शिक्षक लाभले त्यांचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. हेच पुढे अण्णासाहेब किर्लोस्कर या नावाने मराठी संगीत नाटकाचे जनक म्हणून प्रसिद्धीस आले. शिक्षण पूर्ण झाल्यावर गोविंदरावांनी त्याच शाळेत काही काळ शिक्षकाचे काम केले. पुढे १८८० च्या ऑक्टोबर महिन्यात अण्णासाहेबांनी पुण्यास कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा संगीत प्रयोग करून दाखविला आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. मराठी प्रेक्षकांस एका नव्या कलेचा लाभ झाला. या किर्लोस्कर मंडळीत गोविंदराव नट म्हणून व तालमींच्या कामी अण्णासाहेबांचे साहाय्यक म्हणून सामील झाले. शाळेतील गुरू-शिष्यांचे नाते अशा रीतीने रंगभूमीवरही चालू राहिले. शिष्याने गुरूजवळून दोन गोष्टी उचलल्या. एक, सोपी व गोड पदरचना. दुसरी, नटाकडून शब्द न् शब्द घोटवून घेण्याची चिकाटी.

१८८५ च्या नोव्हेंबरात अण्णासाहेबांचे निधन झाले. त्या वेळी गोविंदराव अवघे तीस वर्षांचे होते. गुरूचे छत्र हरपल्यावर त्यांनी पुण्यास येऊन स्वतंत्रपणे नाट्यलेखनास हात घातला. पुढील वर्षी, १८८६ साली, त्यांचे ‘दुर्गा’ हे नाटक पुढे आले. ते टॉमस सदर्न या नाटककाराच्या शोकपर्यवसायी इंग्रजी नाटकावर आधारलेले होते. त्यानंतर त्यांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आणि कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ ही संस्कृत नाटके मराठीत उतरविली. १८९० साली शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून त्यांनी ‘झुंजारराव’ रचले. १८९३ साली बाणभट्टाच्या ‘कादंबरी’च्या आधारे ‘शापसंभ्रम’ लिहिले. पुढची दोन नाटके ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’. साऱ्या आयुष्यात देवलांनी नाटके लिहिली ती एकंदर सातच. त्यांपैकी तीन संस्कृतातून आलेली, तीन पाश्चात्त्य रंगभूमीवरून आलेली, आणि फक्त एक, ‘शारदा’, सर्वस्वी त्यांची स्वतःची.

हा हिशेब वाचून एखादा घाईचा विद्यार्थी म्हणेल की, सातांपैकी सहा नाटके उसनी असणारा हा लेखक मोठा कसा? त्याने क्षणभर थांबून विचार करावा. ‘झुंजारराव’ पाहणाऱ्या प्रेक्षकास व्हेनिस शहर कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. संशयाने पेटलेला एक शूर पुरुष आपल्या निरपराध पत्नीचा घात करतो, ही गोष्ट त्याला आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत, आपल्याच चालीरीतींच्या माणसांत घडताना दिसत होती. परक्या कथेची वस्त्रे तेवढी बदलून भागत नाही. तिचे बोलणे, चालणे, रागावणे आणि हसणे सर्वच बदलावे लागते. ज्याला दोन्ही घरांची रीतभात पक्की माहीत आहे त्यालाच हे काम साधते. ज्याने नुसते शब्द उचलले त्याचे नाटक दोन प्रयोगांत बंद पडते.

आता त्या एका स्वतंत्र नाटकाविषयी सांगितले पाहिजे. ‘शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. त्या काळी द्रव्याच्या लोभाने लहान मुली म्हाताऱ्या श्रीमंतांस देण्याची दुष्ट चाल आपल्या समाजात होती. या नाटकात कांचनभट नावाचा लोभी बाप आपली मुलगी शारदा हिला पंचाहत्तरीच्या घरातील भुजंगनाथ या वृद्धाच्या गळ्यात बांधण्यास तयार होतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ सौदा जुळवितो. आई इंदिराकाकू तळमळते, पण नवऱ्यापुढे तिचे काही चालत नाही. शेवटी कोदंड नावाचा तेजस्वी तरुण भर लग्नमंडपात येऊन वर व वधूपिता हे सगोत्र असल्याचे उघडकीस आणतो आणि लग्न मोडते. परंतु मोडलेल्या लग्नाचा दोष पुन्हा त्या गरीब मुलीच्याच माथी येतो आणि ती जीव देण्यास नदीवर जाते. तिथे कोदंड तिला वाचवितो, आणि पुढे धर्मपीठाच्या संमतीने दोघांचा विवाह होतो.

या नाटकाने व्याख्यानांपेक्षा अधिक काम केले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शारदेची पदे घरोघर बायकांच्या तोंडी झाली. ज्या आयांना सभेत जाऊन बोलता येत नव्हते, त्यांच्या मनातले बोलणे देवलांनी शारदेच्या व इंदिराकाकूच्या मुखातून बोलून दाखविले. पुढे १९२९ साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो विधिमंडळात आणणारे गृहस्थ अजमेरचे हरबिलास सारडा. त्यांच्या नावावरून लोक त्यास सारडा कायदा म्हणत; पण महाराष्ट्रात तो शारदा कायदा या नावानेही ओळखला गेला. नावातील हे साम्य केवळ योगायोगाचे होते, तरी देवलांची शारदा ज्यांनी पाहिली होती त्यांना ते नाव किती यथार्थ वाटले असेल! त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरविले. आज ते १८ आहे. आपल्या मुलींना शाळेतून लवकर काढण्याचा विचार ज्या पालकांच्या मनात येत असेल, त्यांनी एकदा तरी ‘शारदा’ वाचून पाहावी, अशी त्यांना विनंती आहे.

देवल हे लेखक जितके मोठे, तितकेच नटांचे शिक्षक म्हणूनही मोठे होते. बेळगावची शाळा सुटली, पण त्यांच्यातील शिक्षक कधी सुटला नाही. कोणता शब्द कोठे तोडावा, कोठे थांबावे, रागाच्या वाक्यात आवाज किती चढवावा आणि लाजण्याच्या वाक्यात किती उतरवावा, हे ते तालमीत पुनःपुन्हा म्हणवून घेत. गणपतराव बोडस आणि नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच पुढे सर्वांस प्रिय झालेले बालगंधर्व, यांच्यासारखे नट त्यांच्या तालमीत तयार झाले. स्त्रियांच्या भूमिका त्या काळी पुरुषच करीत. १९०५ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले, आणि १९१३ साली बोडस व गोविंदराव टेंबे यांच्या सोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या नव्या मंडळीशी देवलांच्या अखेरच्या कृतीचा संबंध आहे.

ती कृती म्हणजे ‘संगीत संशयकल्लोळ’. तिची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १६६० साली फ्रान्समध्ये मोलिएर या नाटककाराने ‘स्गानारेल’ नावाचे एक छोटे प्रहसन पॅरिस येथे केले. त्याच्या आधारे आर्थर मर्फी या आयरिश लेखकाने १७६१ साली लंडनच्या रंगभूमीसाठी ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक लिहिले. त्यावरून देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक रचले. पुढे गंधर्व मंडळीसाठी त्यांनी त्यात पदे घालून त्याचे संगीत नाटक केले. पॅरिसहून लंडनला आणि लंडनहून पुण्याला, असा अडीचशे वर्षांचा प्रवास या एका तसबिरीने केला आहे.

कथानक असे आहे. अश्विनशेठ हा तरुण आणि रेवती ही तरुणी यांचे परस्परांवर प्रेम आहे. रेवती नायकिणीच्या घरात वाढलेली असली तरी तिची इच्छा एकाच पुरुषाशी विवाह करून निष्ठेने संसार करण्याची आहे. अश्विनशेठने तिला आपली तसबीर दिली आहे. एके दिवशी रेवतीस रस्त्यात घेरी येते. तिथून जाणारा फाल्गुनराव हा संसारी गृहस्थ तिला सावरतो. नेमके हेच त्याची बायको कृत्तिका पाहते आणि नवऱ्याविषयी भलताच तर्क करते. या गडबडीत रेवतीच्या हातची तसबीर खाली पडलेली असते. ती कृत्तिका उचलते. बायकोच्या हाती परक्या तरुणाची तसबीर पाहून फाल्गुनरावाच्या डोक्यात संशयाचे वारे शिरते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे आल्याचे कळताच अश्विनशेठला वाटते की रेवतीने ती दुसऱ्यास दिली. आणि फाल्गुनरावाच्या बोलण्यावरून रेवतीस वाटते की अश्विनशेठ दुसऱ्याच्या संसारात शिरला. चौघांची चार तोंडे चार दिशांना, आणि प्रत्येकाला आपणच फसलो अशी पक्की खात्री!

येथे देवलांची करामत पाहण्यासारखी आहे. मूळ इंग्रजी नाटकातील सर जॉन आणि लेडी रेस्टलेस यांची नावे जशीच्या तशी ठेवली असती तर आपल्या प्रेक्षकांस ती परकीच वाटली असती. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावे दिली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. स्त्रियांना नक्षत्रांची नावे दिली: कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. पंचांगातील ही मंडळी एकदम एका पेठेतील शेजारी वाटू लागली. फाल्गुनराव बोलू लागला म्हणजे तो कोणत्या देशाहून आला आहे याची आठवणही राहत नाही. आपल्याच गल्लीतील, दिवसातून दहा वेळा दाराची कडी तपासणारे एखादे संशयी काका डोळ्यांसमोर उभे राहतात. कोणासही कुत्सित शब्द न बोलता, कोणाचे व्यंग न काढता, केवळ मनुष्यस्वभावातून हसू उत्पन्न करणे हे फार थोड्या लेखकांस साधते.

या नाटकातील शिकवण विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. यात खलनायक असा कोणी नाही. कृत्तिकेने डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते. तिच्या नवऱ्याने एका परक्या स्त्रीस सावरले होते. फाल्गुनरावाने पाहिले तेही खरेच होते. बायकोच्या हाती तसबीर होती. पाहणे खरे, पण त्यावरून काढलेले अनुमान खोटे. डोळ्यांनी पाहिले एवढ्यावर न थांबता, समोरच्या माणसास एक सरळ प्रश्न विचारला असता तर सारे नाटक पहिल्याच अंकात संपले असते. तो प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण संशय आला की माणूस विचारणे सोडतो आणि पुरावे गोळा करू लागतो. ‘झुंजारराव’मध्ये हाच संशय एका निरपराध स्त्रीचा प्राण घेतो, ‘संशयकल्लोळ’मध्ये तोच आपणास पोट धरून हसवितो. एकाच दुर्गुणाची दोन रूपे एकाच लेखकाने दाखविली आहेत. वर्गातील पेन्सिल हरवली म्हणजे शेजारच्या मुलावर आळ घेणारे विद्यार्थी, आणि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घरच्या माणसावर विश्वास टाकण्याचे सोडणारी मोठी माणसे, या दोघांनीही हे नाटक अवश्य पाहावे.

परंतु या हसऱ्या नाटकाच्या कहाणीस एक दुःखाची किनार आहे. संगीत रूपातील ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर येण्याची तयारी होत असतानाच, १४ जून १९१६ रोजी देवलांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय साठ वर्षांचे होते. त्यानंतर त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग केला. बालगंधर्व रेवती झाले, बोडस फाल्गुनराव झाले, आणि नाटकगृह हास्याने दुमदुमून गेले. बोडसांचा फाल्गुनराव तर पुढे पिढ्यान् पिढ्यांच्या बोलण्यात राहिला. ज्याने ते हसू तेवीस वर्षे मनात सांभाळले व घडविले, तो ते ऐकण्यास तेथे नव्हता. शेतकरी आंब्याची कोय लावतो ती स्वतः फळे खाण्यासाठीच लावतो असे नाही. देवलांनी लावलेल्या या झाडाची फळे शंभर वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्र खात आला आहे. आजही ‘संशयकल्लोळ’चे प्रयोग होतात आणि लोक तितकेच हसतात. सांगलीस त्यांच्या नावाचे स्मारक आहे, आणि १४ जून हा त्यांचा स्मृतिदिन मराठी नाट्य परिषद आदराने पाळते.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. दुसऱ्याची गोष्ट घेणे ही चोरी होय काय? परीक्षेत उतरवून घेणारा विद्यार्थी शेजाऱ्याचे श्रम घेतो आणि स्वतःचे श्रम वाचवितो. देवलांनी गोष्ट घेतली खरी, पण श्रम वाचविले नाहीत. उलट ‘फाल्गुनराव’ पूर्ण झाल्यावरही तेवीस वर्षांनी त्यांनी त्यास पुन्हा हात घातला, पदे रचली, आणि अखेरपर्यंत त्यावर काम केले. घेतल्यापेक्षा अधिक देणे, ही त्यांची रीत. जो घेतो आणि वाढवून देतो तो चोर नव्हे, तो वारसदार होय. मर्फीने मोलिएरचे घेतले, देवलांनी मर्फीचे घेतले, आणि प्रत्येकाने आपापल्या लोकांस ते नवे करून दिले.

आपल्या नंदुरबारच्या मुलांस ही गोष्ट इतर ठिकाणच्या मुलांपेक्षा लवकर समजावी असे मला वाटते. आपल्या शाळेतील कित्येक मुले घरी भिलोरी बोलतात, कित्येक अहिराणी, कित्येक गुजराती. शाळेत मराठी वाचतात आणि इंग्रजी शिकतात. धड्यातील गोष्ट संध्याकाळी घरी जाऊन आजीला तिच्या बोलीत सांगताना आपण काय करतो, याचा त्यांनी विचार करावा. आजीला न कळणारे नाव आपण बदलतो, समुद्राऐवजी तापी नदी घालतो, परक्या धान्याऐवजी ज्वारी-मका घालतो, आणि जेथे आजी हसते तेथे थोडे अधिक थांबतो. देवलांनी मोठ्या प्रमाणावर केले ते हेच होय. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, यंदा संमेलनासाठी कोणतीही परकी गोष्ट निर्भयपणे घ्या. मूळ लेखकाचे नाव मोकळेपणाने सांगा. पण ती जशीच्या तशी उतरवू नका. तिला आपल्या घरचे पाणी पाजा, आपल्या अंगणात खेळवा, आणि मगच रंगमंचावर आणा. कै. गोविंदरावांच्या स्मृतीस याहून चांगली आदरांजली आमच्या शाळेस वाहता येणार नाही.